फ्रिजचा षड्ज

मी एकदा एका फ्रिजला दाद दिली आहे. नुसती मान डोलावून नाही, तर डोळे मिटून, मांडीवर थाप मारून आणि मोठ्याने 'वा!' म्हणून. हे ज्यांच्या समोर घडलं ते माझे मामेसासरे, म्हणजे बायकोचे सख्खे मामा. शांत गाणं शांतपणे कसं ऐकावं हे शिकवणारा इतका अशांत माणूस अख्ख्या भोपाळात दुसरा नसेल.

मामा सोनागिरीत राहतात. शेजारच्या मोठ्या सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं त्यांनी विजेच्या मोटारी तपासल्या. तपासल्या म्हणजे ऐकल्या. लांब दांड्याचा एक पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घ्यायचा, टोक चालत्या मोटारीच्या बेअरिंगवर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्यांची पद्धत. 'बेअरिंग बोलतं,' असं ते म्हणतात. निवृत्तीच्या दिवशी लोक शाल-श्रीफळ घेऊन घरी येतात, मामा तो पेचकसही घेऊन आले. आता त्याच्याने ते मिक्सर ऐकतात, गच्चीवरचा पंप ऐकतात आणि एकदा तर माझी गाडी ऐकून म्हणाले, "मंगळवारपर्यंत चालेल." मी हसलो. मंगळवारी होशंगाबाद रोडवर आमच्या मिसरोदच्या अलीकडे मी बोनेट उघडून उभा होतो आणि फोनवर मामा विचारत होते, "किती वाजता बंद पडली? माझा अंदाज दुपारचा होता."

त्या मोटारींनी मामांचा एक कान मात्र ठेवून घेतला. त्यांच्याच भाषेत सांगायचं तर उजवा कान कारखान्यातच निवृत्त झाला, डावा सध्या मुदतवाढीवर आहे. डॉक्टरांनी सांगितलंय की हाही हळूहळू जाणार. गाणं हा या माणसाचा श्वास. त्यामुळे माझं ब्लड प्रेशर वाढलं, डॉक्टरांनी 'काहीतरी शांत संगीत ऐकत जा' असा सल्ला दिला आणि मी भाबडेपणाने मामांना फोन केला, तेव्हा पलीकडे आनंदाचा स्फोटच झाला. "जावईबापू, ताबडतोब या! माझा डावा बंद पडायच्या आत तुमचे दोन्ही उघडायचेत." मला फक्त झोप हवी होती. मामांना वारस हवा होता.

जाताना मी तयारी करून गेलो. मोबाइलवर आठ तासांचं एक 'मनःशांती संगीत' सापडलं होतं, सतार, पाखरं आणि झुळझुळ पाणी असं सगळं असलेलं. मी ते कौतुकाने लावलं. दोन मिनिटांत मामी उठून मोरीतला नळ बघून आल्या. मामांनी मोबाइल पालथा ठेवला. "यात सतार कमी आणि गळती जास्त आहे. हे गाणं नाही, प्लंबरला बोलवायचं काम आहे."

मग त्यांनी मला समोर बसवलं, डोळे मिटायला सांगितले. "आधी नुसता तानपुरा. दहा मिनिटं. काही समजून घ्यायचं नाही, नुसतं त्यात बसायचं." मी डोळे मिटले. आणि काय सांगू, खरोखर एक गंभीर, अखंड नाद माझ्या पाठीमागून येऊ लागला. छातीत कसं निवल्यासारखं झालं. शास्त्रीय संगीत आपल्याला पहिल्याच दिवशी कळलं, या अभिमानाने मी थाप मारली आणि म्हणालो, "वा मामा! काय लागलाय!"

कौतुकाच्या अपेक्षेने डोळे उघडले. मामा अजून तानपुऱ्याच्या गवसणीची गाठ सोडत होते. माझ्या पाठीमागे फ्रिज होता.

दुसरा कोणी असता तर हसून लोळला असता. मामा उठले, पेचकस आणला, फ्रिजला लावला, डाव्या कानाने बराच वेळ ऐकलं आणि गंभीरपणे निकाल दिला, "पेटीवरच्या पांढरी पाचचा षड्ज आहे. तुम्ही अगदीच चुकला नाहीत. पण स्थिर नाही, मधेच हलतो." मामी मात्र तेव्हापासून मी दारात दिसलो की आधी फ्रिजचं बटण बंद करतात आणि मग पाणी विचारतात. त्यांच्या फ्रिजरमधल्या आइस्क्रीमने माझ्या संगीतसाधनेपायी जे सोसलंय ते मी सोसलेलं नाही.

मामांचा अभ्यासक्रम त्यांनी पाठकोऱ्या कागदावर लिहून दिला. मूळ तत्त्व कारखान्यातलंच होतं, की नवं यंत्र पहिल्याच दिवशी पूर्ण लोडवर चालवायचं नाही. पहिला आठवडा तानपुरा. दुसरा आठवडा बासरीवरचे आलाप, तबल्याशिवाय. "तबला आला की तुमच्यासारखा माणूस बोटं मोजायला लागतो आणि ऐकायचं राहून जातं." मग भूप, कारण त्यात पाचच सूर, नवख्याला हरवायला जागा कमी. मग संध्याकाळी दिवे लागताना विलंबित यमन, चहा संपल्यावर, चहाबरोबर नाही. तराणा बंद. जुगलबंदी तर सक्त बंद, "ती विश्रांती नव्हे, ती युनियनची मीटिंग." मारव्यापुढे त्यांनी लाल पेनाने फुली मारली होती. का, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "सूर्य बुडताना तो राग सारखं काहीतरी राहिलंय, राहिलंय म्हणतो. ब्लड प्रेशरवाल्याने ऐकू नये." आणि जरा थांबून, "रिटायर झालेल्यानेही." ऐकता ऐकता झोप लागली तर त्यांची हरकत नव्हती. एकच अट होती, घोरायचं तर सुरात.

हा कागद मी ऑफिसात टेबलावरच्या काचेखाली ठेवला, हा माझा पुढचा मूर्खपणा. आमचं खातं राज्य सरकारचं, तिथे डोळ्यांना ठरावीक शब्दांचीच सवय. बडे बाबूंनी जाता जाता 'विलंबित' वाचलं ते 'निलंबित' असं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत साऱ्या मजल्याला मी सस्पेंड झाल्याची बातमी पोचली होती. बाबू माझ्या खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "दिल छोटा मत कीजिए साहब, सबके साथ होता है. वैसे किस मामले में हुए?" मी म्हणालो, "यमन में." हिंदीत येमेन देशही यमनच; ते दचकून म्हणाले, "विदेश का मामला है?" मामांना हे सांगितलं तर ते इतके हसले की मामींनी पाणी आणलं. वर म्हणाले, "तुमच्या ऑफिसात विलंबितच चालतं हो, फक्त समेवर कोणी येत नाही!"

असे आठ महिने झाले. दर रविवारी मिसरोदहून सोनागिरी. माझं ब्लड प्रेशर उतरलं, मामांचं चढलं. कारण मी भूपाला यमन म्हणायचो, यमनला 'छान' म्हणायचो आणि एकदा सम आली समजून दिलेली दाद नेमकी गायकाच्या खोकल्यावर पडली. मामा कपाळाला हात लावायचे, पण पुढच्या रविवारी कुठली रेकॉर्डिंग ऐकवायची याची यादी बुधवारीच तयार असायची. यादी लांबत चालली होती. मामांना घाई झाली होती. का, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. बोलत कोणी नव्हतं.

गेल्या रविवारी संध्याकाळी मामा तानपुरा लावत बसले होते. तारेखालचा मणी जरासा सरकवायचा, छेडायचं, मान हलवायची, की झालं. एरवी दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी मणी पुढे गेला, मागे आला, पुन्हा पुढे गेला. मामा थांबले. माझ्याकडे न बघता, समोरच्या भिंतीला विचारावं तसं त्यांनी विचारलं, "लागला का?"

आठ महिन्यांत सुराबाबत त्यांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. मामी स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिल्या. ऑफिसात इतक्या फायलींवर मी 'मान्य' लिहिलंय, तसंच इथेही 'हो' म्हणावं असं आधी मनात आलं. मग मीच एकेक तार छेडली. पुन्हा छेडली.

"पंचम... पंचम थोडा उतरलाय, मामा."

मामांनी हात पुढे करून पेचकस मागितला. टोक तानपुऱ्याच्या भोपळ्यावर टेकवलं, मूठ डाव्या कानामागे धरली आणि डोळे मिटून मला खूण केली. मी तार छेडत राहिलो. बराच वेळ गेला. मग त्यांनी मणी तिळाएवढा सरकवला. तार एकदम उजळली. मला ऐकू आलं आणि त्यांनाही, कारण चेहरा कारखान्यात मोटार पास केल्यासारखा झाला.

"उतरलाच होता," ते म्हणाले. पेचकस खाली ठेवला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की आता डोक्यावर हात ठेवतात की काय असं मला वाटलं. मी जरा वाकलोदेखील.

"पण जावईबापू," मामा म्हणाले, "तुमचा भरवसा नाही. आधी फ्रिज बंद आहे का ते बघून या."