उशाकडचा गरम वारा

आमच्या दुकानात येणारं गिऱ्हाईक सगळ्यात आधी एकच विचारतं, "मशीन किती हॉर्सपावरचं टाकता?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच ठरवून मोकळं होतं, "मोठंच टाका. थंडी कमी न्हाई पडली पाह्यजे." मग माझं डोकं फिरतं. गिऱ्हाइकाची शाळा घेणारा दुकानदार अख्ख्या जालन्यात दुसरा नाही, असं माझी बायको म्हणते, आणि त्यात काही खोटं नाही. मिठाईवाला असो, दूधवाला असो की बियाण्यांच्या कंपनीतला साहेब, मी त्याला खुर्चीत बसवतो आणि सांगतो की थंडी कुठे तयार होत नसते. आतली उष्णता उचलायची आणि बाहेर नेऊन टाकायची, एवढंच हे मशीन करतं. म्हणून कंडेन्सिंग युनिट, म्हणजे कॉम्प्रेसर, जाळी आणि पंख्याचा जोड, निवडताना ते बाहेर उष्णता कशी टाकतं ते आधी बघा. पाटीवरचे आकडे कुठल्या तरी सुखाच्या हवेत मोजलेले असतात, आपल्याकडे वैशाखात पत्र्याखाली त्याच मशीनला धाप लागते. उष्णता सोडणारी जाळी मोठी घ्या, पंखा चांगला घ्या, कॉम्प्रेसर मात्र गरजेपुरताच. उगाच मोठा घेतला तर तो सारखा चालू-बंद होत राहतो आणि वीज खातो.

हे सगळं ज्ञान मी ज्या वस्तूत ओतलं, तिचं नाव माझ्या दुकानाच्या पाटीवर नाही. पाटीवर आइस्क्रीमच्या कोनाचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय, दूध, मिठाई, आइस्क्रीमचे फ्रीझर बनवून मिळतील. मागच्या शेडमध्ये मी मयताच्या पेट्या बनवतो. घरात कुणी गेलं आणि लेक किंवा पोरगा लांबून यायचा असला, तर तोवर देह नीट राहावा म्हणून ठेवायची काचेच्या झाकणाची पेटी. आता बऱ्याच गावांनी अशी एकेक पेटी घेऊन ठेवली आहे. काम चांगलं आहे, पुण्याचं आहे, असं लोक म्हणतात आणि माझ्या हातचा चहा घेताना जरा थांबतात. लग्नाकार्यात कुणी विचारलं तर मी आइस्क्रीमवरच भागवतो. पेटी टेम्पोत चढली की मी मागे वळून बघत नसे. ती कुठल्या घरात, कशी ठेवली जाते, भोवती कोण कुठे बसतं, हे बघायला मी कधी गेलो नाही. मयताच्या घरी पेटीवाला म्हणून कुणी ओळखावं, याचीच मला लाज वाटायची.

पेटीसाठी युनिट निवडणं हे आइस्क्रीमपेक्षा अवघड काम. खेड्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून मशीन इन्व्हर्टरवर चाललं पाहिजे, म्हणजे करंट कमी ओढणारं हवं. आवाज कमी हवा, कारण भोवती माणसं रडत असतात. आणि अंगणातल्या मांडवाखाली भर उन्हात ते थकता कामा नये. खूप शोधून मी एक छोटं, मोठ्या जाळीचं युनिट निवडलं. देह आत सरकवायचं दार पायाकडे असतं, म्हणून युनिट उशाकडे बसवलं. पेटीच्या दोन्ही बाजूंच्या जाळ्यांतून हवा आत घ्यायची, उशाच्या बाजूने गरम होऊन बाहेर टाकायची. दुकानात ते इतकं सुरेख चालायचं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला हात लावून बघायला सांगायचो.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट असेल. धावड्याच्या बाजूच्या एका गावातून दुपारी फोन आला. माझी पेटी तिथल्या तरुण मंडळाने नेली होती. फोनवरचा माणूस म्हणाला, "मिस्तरी, पेटी बंद पडली. भाऊ गेलाय माझा. लेक त्याची बंगळूरहून निघालीय, सांजच्या आत पोचून राह्यली. जल्दी या."

जाणं भागच होतं. हत्यारं डिकीत टाकली आणि भोकरदनच्या रस्त्याला लागलो. पेटी बंद पडली म्हटल्यावर माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्या लेकीपेक्षा मला माझ्या युनिटची काळजी जास्त होती. ते युनिट बिघडूच कसं शकतं, या रागातच मी पोचलो.

अंगणात मांडव, मांडवाखाली पेटी, आणि पेटी कुठली, कापडांचा ढीगच. आमच्याकडे सोयरेधायरे येताना मयतावर घालायला कापड आणतात. शाल, टॉवेल, धोतर, जे ज्याच्या नात्याला शोभेल ते. देह काचेत बंद, म्हणून प्रत्येकाने आपलं कापड काचेवर अंथरलं होतं. चेहऱ्यापुरती काच तेवढी मोकळी. बाकीची कापडं दोन्ही बाजूंनी थेट जमिनीपर्यंत लोंबत होती आणि माझ्या दोन्ही जाळ्या त्याखाली गाडल्या गेल्या होत्या. बायका जाळीला पाठी टेकून बसल्या होत्या. मशीनला श्वास घ्यायला जागा नव्हती, ते तापलं आणि बंद पडलं. युनिटचा काही दोष नव्हता! मला आधी हायसं वाटलं आणि लगेच त्याच्या दुप्पट राग आला.

मी ओरडलो. मयताच्या घरात, भरल्या अंगणात ओरडलो. "एवढी माणसं बसलीत इथं. मशीन बंद पडेस्तोर एकाच्याही ध्यानात येऊ न्हाई? डोळे कुठं असतात तुमचे? कापडं काढा आधी ती!" आणि कुणी उठायची वाट न बघता मीच दोन्ही हातांनी कापडं ओढली. काही खाली मातीत पडली.

सगळ्यात वरची शाल गेलेल्या माणसाच्या मेव्हण्याने आणलेली होती. तो उठला, मातीतली शाल उचलली, झटकली, घडी केली आणि काखेत धरून उभा राहिला. मला एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर मी उलट बोललो असतो आणि माझं निभावलं असतं. त्याच्या गप्प राहण्याने माझे कान तापले. मान खाली घालून मी जाळ्या पुसल्या, मशीन निवू दिलं आणि परत चालू केलं. पंखा फिरायला लागला. आतल्या तापमानाचा आकडा अजून फार चढलेला नव्हता, हळूहळू उतरू लागला. वेळेत आलो होतो.

तेव्हा कुठे मी उशाकडे नीट पाहिलं. तिथे गेलेल्या माणसाची बायको बसली होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, गुडघे पोटाशी घेतलेले, कपाळ पेटीच्या कडेला टेकवलेलं. माझ्या मशीनचा सगळा गरम वारा थेट तिच्या तोंडावर येत होता. पदर उडत होता. बाहेर वैशाख, वर तापलेला मांडव, आणि त्यात हा वारा. मी खाली वाकून वाऱ्यात हात धरला तर भट्टीच्या दाराशी धरल्यासारखा वाटला. ती सकाळपासून तिथेच होती.

उष्णता कुठेतरी बाहेर जाणारच, हे मी सगळ्या जालन्याला शिकवत होतो. ती कुणाच्या तोंडावर जाईल, हे मला कधी सुचलंच नव्हतं. नवरा गेला की बायको उशाशी बसते, हे कळायला कुठलं पुस्तक लागतं? माझी आई तशीच बसली होती. पण पेट्या जिथे जातात तिथे जायची मला लाज, म्हणून मी दुकानातल्या रिकाम्या पेटीला हात लावून खूश.

"मावशी," मी म्हणालो, "जरा इकडं सरकून बसा. गरम वारं लागून राह्यलं तुम्हाला."

तिने डोळे उघडले नाहीत. "राहू द्या भाऊ. हितंच बरं हाय."

मी परत म्हणालो. तिने मानेनेच नाही म्हटलं. तिचा दीर, ज्याने मला फोन केला होता, तो हळूच म्हणाला, "सकाळपून सांगून राह्यलो आम्ही. ऐकतच न्हाई." मी बाजूला एका कोपऱ्यात जाऊन उभा राहिलो. कुणीतरी मला पाणी दिलं. ज्यांच्यावर मी ओरडलो होतो त्यांच्यातल्याच एका बाईने दिलं.

ऊन कलताना लेक आली. गाडीतून उतरून धावत आली आणि काचेवर पडली. बापाचा चेहरा जसाच्या तसा होता. तिने तो पाहिला, आणि तिची आई तेव्हा पहिल्यांदा उशाकडून उठली. माझं काम झालं होतं. कुणी मला काही म्हणालं नाही, उलट दिराने हात जोडले. मी कशीबशी हत्यारं गोळा करून निघालो. मेव्हणा फाटकाशी उभा होता, काखेत शाल तशीच. त्याच्याकडे बघायची हिंमत मला झाली नाही.

त्यानंतर मी पेटीच बदलली. युनिट तेच, पण हवा घ्यायची जागा खाली बुडातून आणि गरम वारा पत्र्याच्या नळीने पायाकडच्या कोपऱ्यातून वर आकाशाकडे. पायाशी माणसं येतात, नमस्कार करतात आणि पुढे सरकतात, तिथे कुणी बसून राहत नाही. कापडांसाठी वरून कठडा केला, म्हणजे ती लोंबणार नाहीत. त्या गावची पेटी मी मागवून घेतली, बदलली आणि या वेळी टेम्पोत स्वतः बसून पोचवायला गेलो. मनात होतं, त्या मावशींना भेटावं, माफी मागावी. आणि खोटं कशाला बोलू, सुधारलेली पेटी त्यांना दाखवावी असंही होतं.

मावशी ओसरीत शेंगा फोडत बसल्या होत्या. मला ओळखलं. चहा ठेवायला सांगितला. मी अंगणाकडे न बघता म्हणालो, "मावशी, त्या दिवशी मी फार वाईट वागलो. आणि ते गरम वारं... सगळा दिवस तुम्ही सहन केलं. आता तसं बिलकुल होणार न्हाई. उशाशी बसणाऱ्याला वारं लागतच न्हाई आता. नवी पेटी आणलीय."

त्यांनी शेंग फोडायची थांबवली. "लागतच न्हाई?"

"अजिबात न्हाई."

"मंग बसणारीला कळंल कसं?"

मला समजेना. "काय कळंल?"

"चालू हाय का बंद, ते." त्या अगदी साधं सांगत होत्या, तक्रार अशी त्यात नव्हती. "मशीनीचा आवाज तर येतच न्हाई भाऊ. तोंडावर गरम लागून राह्यलं, तवर मला ठाव व्हतं, आत यांना गार हाय. लेक येईस्तोर गार राह्यलं पाह्यजे, म्हणून तर बसल्ते तिथं. मंग वारंच थांबलं. मीच दिराला म्हणलं, मिस्तरीला फोन लाव."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "वर आकडा दिसतो मावशी. बाजूला. लाल अक्षरात."

"रडताना आकडा कोण बघतंय," त्या म्हणाल्या आणि परत शेंगा फोडायला लागल्या.

एकाच्याही ध्यानात येऊ न्हाई का, म्हणून मी ज्यांच्यावर ओरडलो होतो, त्यांत ती बाई होती. तिच्या ध्यानात आलं म्हणून मी तिथे पोचलो होतो. डोळे कुठे असतात, असं मी विचारलं तेव्हा तिने ते मिटलेलेच ठेवले होते आणि उलट एक शब्द बोलली नव्हती. आपल्या माणसाला गार लागतंय याची खात्री ती तोंडावर झेलत होती, आणि मी तिला सरका म्हणत होतो. चहा आला. मी कपात बघत तो संपवला.

आता माझ्या प्रत्येक पेटीला उशाकडे, बसलेल्या बाईचा हात पोचेल इतक्या उंचीवर, एक छोटं भोक असतं. त्यातून थोडासा गरम वारा येतो, तळहात धरला तर कळेल इतकाच. त्या वाऱ्यापायी युनिटची ताकद थोडी वाया जाते, हे मला कळतं. पेटी न्यायला आलेली माणसं विचारतात, हे भोक कशाला ठेवलं? मी त्यांना खुर्चीत बसवतो, पण शिकवणं जमत नाही. कुणाच्या घरी गरज पडली की कळंल, एवढंच म्हणतो, आणि दुसरीकडे बघतो.