लालीमावशी आणि पडद्यावरचे डॉक्टर

लालीमावशी जन्मभर नवऱ्या नटवत आली. हात थरथरायला लागले तेव्हा आमच्या वृद्धाश्रमात मदतनीस म्हणून लागली, पण रंगांचा डबा काही सुटला नाही. जित्याची खोड, दुसरं काय! कुणाचा मुलगा भेटायला येणार असला की ही आधी त्या म्हाताऱ्याच्या गालांवर पावडर फासणार.

मग पडद्यावरचे डॉक्टर सुरू झाले. दर सोमवारी ते त्यांच्या दवाखान्यातून हॉलमधल्या पडद्यावर दिसायचे. सिस्टर बीपी सांगायची, बाकी ते आमच्याकडे बघून, विचारून ठरवायचे. झालं! कॅमेरा आला म्हणजे नटणं आलंच, असं मावशीने धरलं. सकाळपासून तिच्यापुढे रांग, आणि रांगेत सगळ्यात पुढे आमचे हे!

ह्यांना तेव्हा चार पावलांत धाप लागत होती, ओठ निळसर पडत होते. मावशीने त्यावर बोटाने लाली फिरवली.

"वा आजोबा, तरतरीत दिसताय!" डॉक्टर म्हणाले.

"एकदम ठणठणीत," हे म्हणाले. कसलं डोंबलाचं ठणठणीत! आडवं झालं की जीव गुदमरायचा. मी सिस्टरला सांगितलं, तर म्हणते, "आजी, डॉक्टरांनी बघितलंय ना? उगाच घाबरता."

पुढच्या सोमवारी मी मावशीला कोपऱ्यात गाठलं. "बाई गं, तू माझ्या नवऱ्याचा आजार झाकतेस. उद्या हे गेले तर तुझी लाली काय चाटायची मी?"

ती गोरीमोरी झाली. ह्यांचा नंबर लागला तशी ओला टॉवेल घेऊन धावली आणि सगळ्यांदेखत ह्यांचं तोंड खसाखसा पुसलं.

"अगं, माझी अब्रू!" हे ओरडले.

"डॉक्टर, मागच्या वेळी माझी कारागिरी बघितलीत," मावशी रडत म्हणाली. "आता ह्यांना बघा."

डॉक्टर पुढे झुकले. "आजोबा, धाप लागते?"

ह्यांनी मान खाली घातली. "लागते."

डॉक्टरांनी तिथूनच गाडी बोलावली. हे वाचले, ते आधीच सांगून टाकते. पण तेव्हा कुणाला माहीत होतं? स्ट्रेचरवर ह्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "तू नको येऊस. असा अवतार नको बघूस माझा."

मी हात बाजूला केले. पांढराफटक चेहरा, निळे ओठ.

"अहो, मला हाच माणूस हवाय," म्हटलं, आणि गाडीत चढले.