मंगळवेढ्याच्या रानात, चहाआधी

जानेवारीत हुरडा खायला मंगळवेढ्याला जायचं ठरलं, तेव्हाच मी वहिनींना बजावलं, "माझा सकाळचा नेम मी सोडणार नाही. उशीर झाला तर ओरडायचं नाही."

नेम साधा आहे. रोज सकाळी अनवाणी मातीवर उभं राहायचं, ओंजळभर पाणी मातीला द्यायचं, सूर्याला हात जोडायचे. मूर्ती नाही, मंत्र नाही. मात्र त्याआधी पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. दोन वर्षांपूर्वी पायाच्या ऑपरेशननंतर मी चार महिने अंथरुणात होते. पहिल्यांदा उभी राहिले त्या दिवशी हे सुरू केलं. मागच्या वर्षी हैदराबादला लग्नाला गेले असताना एक दिवस सोडला, तर पुढे दीड महिना राहूनच गेलं. आता तसं होऊ द्यायचं नव्हतं.

सोलापूरहून मंगळवेढ्याला एसटी भरपूर. बेगमपूरला भीमा ओलांडली की काळं रान लागतं, नजर पोचेल तिथवर ज्वारी. हुरडा पार्टी आधी फोन करूनच ठरवा, ऐनवेळी जागा मिळत नाही. आम्ही शेंगदाण्याच्या चटणीबरोबर इतका हुरडा खाल्ला, की रात्रीचं जेवण राहिलंच. स्टँडजवळच्या लॉजवर खोली घ्याल तर मागच्या बाजूची मागा, पुढे हॉर्नने झोप होत नाही.

सकाळी पाहिलं तर लॉजच्या अंगणात सगळीकडे फरशी.

"कुंडीत घाला की, म्याडम," मॅनेजर म्हणाला. कुंडीतली झाडं प्लॅस्टिकची होती.

"अगं, एक दिवस नाही केलंस तर आभाळ कोसळणार आहे का?" वहिनी चहाचा कप पुढे करत म्हणाल्या.

"आभाळ नाही, मी कोसळेन." बाटली घेतली आणि निघाले.

अर्धा तास चालल्यावर गाव संपलं. ज्वारीच्या बांधावर चप्पल काढली, बाटलीचं झाकण उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला.

"ओ बाई! काय वततायसा माज्या रानात?"

साठीची बाई, हातात खुरपं. मी म्हटलं, "पाणी आहे, मावशी."

"कशाचं पानी? कुनी धाडलं तुमास्नी? करनी करताय व्हय?"

अनोळखी बाई, अनवाणी, भल्या सकाळी दुसऱ्याच्या शेतात. तिच्या जागी मी असते तर मलाही तेच वाटलं असतं. मी ऑपरेशनपासून सगळं सांगितलं. तिची नजर बाटलीवरून हलली नाही.

"मग पी की तू आदी."

प्यायले तर नेम मोडत होता. न पिता निघून गेले असते, तर पीक घरी येईपर्यंत ही बाई धास्तावून राहिली असती. मी दोन मोठे घोट प्यायले आणि बाटली तिच्या हातात दिली. तिने वास घेतला, जिभेला लावून पाहिलं.

"साधंच हाय की," ती पुटपुटली. मग बाटली परत देत म्हणाली, "आमी येळवशीला, मार्गशीर्षाच्या अवसंला, समद्या रानात आंबील शिंपडतो. वर्सातनं एकदा. तू रोज करतीस?"

"रोज."

"लई चिकट हायेस." ती हसली. "घाल आता. पन इचारून घालावं, बाई. रान कुनाचं तरी असतंय."

मी मातीला पाणी दिलं. ती शेजारीच उभी होती.

दुपारच्या गाडीने घरी परतलो. दुसऱ्या दिवशी सोसायटीमागच्या मातीच्या पट्ट्यावर गेले आणि तिथेच थबकले. तळमजल्यावरच्या काकूंची खिडकी त्या पट्ट्यावरच उघडते. दोन वर्षांत त्यांना कधी विचारायचं सुचलंच नव्हतं. बेल वाजवली.

"काकू, मी रोज सकाळी तुमच्या खिडकीसमोर उभी राहते. चालतं ना तुम्हाला?"

"कसलं काय करतेस, कळायचं नाही. म्हणून तेवढा वेळ मी पडदा ओढून बसायची." मग काकू आत वळल्या. "उघडते हं आता."