ऑइल पेंट लागलेला वीरगळ

माझ्या वर्गात पाच मुलं बसली होती. समोरच्या खोलीत अहिरे मॅडमचं लेक्चर होतं आणि तिथे मुलं दारात उभी राहून ऐकत होती. मी दार लावून घेतलं. उकडत होतं, तरी लावलं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात इतिहास शिकवतो. शिलालेख वाचणं हा माझा विषय आणि त्याचाच माझा ऐच्छिक पेपर. अहिरे मॅडम माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान, सटाण्याकडच्या. त्यांचा पेपर 'डिजिटल इतिहास'. ड्रोन, नकाशे, रील्स. मुलं तिकडे धावणारच. प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं.

"वडनेरे सर, पुढच्या वर्षी तुमचा पेपर चालवणं अवघड आहे. अहिरे मॅडमना जोडून घ्या."

"जोडून म्हणजे?"

"त्यांच्या पेपरात तुमचं एक युनिट."

आलेला चहा तसाच ठेवून मी उठलो.

त्याच आठवड्यात मॅडम स्टाफरूममध्ये लॅपटॉप घेऊन आल्या. "सर, जरा बघता का?"

स्क्रीनवर बागलाणातला एक वीरगळ होता. वीरगळ म्हणजे लढाईत पडलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. हा मी ओळखला. ओळखणारच. उमेदीच्या काळापासून मी त्या दगडापाशी जात होतो. खाली तीन ओळी कोरलेल्या होत्या, पण इतक्या झिजलेल्या, की वाचता येईनात. मी ठसे घेतले होते. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा आणि वरून शाईचा बोळा फिरवायचा. कोरलेला भाग पांढरा राहतो. माझ्या कागदावर दर वेळी नुसते काळे डाग उमटायचे.

मॅडमनी मुलांना घेऊन त्याचे सगळ्या बाजूंनी मोबाइलवर फोटो काढले होते. सॉफ्टवेअर ते फोटो जोडून दगडाचं थ्री-डी मॉडेल तयार करतं. त्यांनी माउसने मॉडेलवरचा उजेड तिरका केला, आणि अक्षरं वर आली.

जी ओळ मला इतक्या वर्षांत दिसली नव्हती, ती यांना एका दुपारच्या फोटोंत मिळाली होती.

"मला नुसत्या रेघा दिसतात, सर. तुम्ही वाचाल?"

"दगड समोर असल्याशिवाय मी वाचत नाही," मी म्हणालो. आमच्या धंद्यात हा नियम आहेच. त्या दिवशी मला तो फार सोयीचा वाटला.

"मग रविवारी जाऊ या," त्या म्हणाल्या.

रविवार यायच्या आत त्यांनी त्या मॉडेलचा छोटा व्हिडिओ टाकला, गावाच्या नावासकट. तो तुफान चालला. माझ्या बायकोनेसुद्धा मला तो फॉरवर्ड केला. खाली लिहिलं होतं, 'ह्या तुमच्याच कॉलेजातल्या ना?'

रविवारी गावात पोचलो तर सरपंच हार घेऊन उभे. मॅडमच्या गळ्यात हार, माझ्या हातात नारळ. मग ते आम्हाला दगडापाशी घेऊन गेले.

दगड भगवा झाला होता. ऑइल पेंट, ताजा, दोन हात मारलेला. वीराची मूर्ती चंदेरी. खालच्या तीन ओळींवरून रंग जाड बसला होता आणि पायाशी सिमेंटचा ओटा बांधला होता.

"भारी शे ना, सर?" सरपंच म्हणाले. "मॅडमचा व्हिडिओ पाहिला आन् पोरं म्हटली, आमना गावना वीर शे, तो असा धूळ खात कसा राहील?"

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. मॅडम अहिराणीतून त्यांच्याशी काहीतरी बोलल्या आणि लांब जाऊन उभ्या राहिल्या. मला पहिल्यांदा जे वाटलं ते सांगतो. बरं झालं, असं वाटलं. घ्या आता रील्स. मग दगडावर हात ठेवला, तळहाताला रंग लागला आणि लक्षात आलं, की आता हा मलाही कधी वाचता येणार नाही.

परतताना गाडीत सटाण्याजवळ मॅडम म्हणाल्या, "माझ्यामुळे झालं, सर."

"लॅपटॉप आणलाय?"

"हो."

"गाडी थांबवा."

एका चहाच्या हॉटेलात आम्ही मॉडेल उघडलं. मी सांगायचो, उजेड डावीकडून घ्या, अजून खाली, आता थांबा. पहिल्या नजरेला जो 'च' वाटत होता तो जुन्या वळणाचा 'व' होता. तो सुटला आणि पुढचं सुटत गेलं. गाई सोडवताना माइदेव पडला. त्याच्या बहिणीने हा दगड उभारला. बहिणीच्या नावाच्या जागी दगडाचा टवका उडालेला होता.

"बहिणीने?" मॅडमनी विचारलं.

"बहिणीने. मलाही असा दुसरा माहीत नाही."

चहा गार झाला होता. आम्ही दुसरा सांगितला.

पुढे पुरातत्त्व खात्याचे एक जाणकार येऊन दगड बघून गेले. रंग काढायला गेलं तर झिजलेल्या अक्षरांच्या कडाही जातील, म्हणाले. तेव्हा तो तसाच आहे. दर अमावास्येला नारळ फुटतो. लेख उरला तो फक्त मॉडेलमध्ये.

आमचा निबंध छापून आला. नावं अकारविल्हे लावली, त्यामुळे अहिरे आधी आणि वडनेरे नंतर. वाचनाचा व्हिडिओही निघाला. त्याखाली मॅडमच्या कौतुकाचा पाऊस आहे. एकाने लिहिलंय, 'मागे बोलणारे काका कोण? आवाज छान आहे.' ती कमेंट मी पुन्हा पुन्हा वाचतो, हे मॅडमना माहीत नाही.

पेपर आता एकच आहे, दोघं मिळून शिकवतो. वर्ग भरतो. कोणासाठी भरतो ते मी मोजत नाही, म्हणजे मोजायचं थांबवायचा प्रयत्न करतो. पहिल्या तासाला मी मुलांना एकच गोष्ट सांगतो: सापडलेली वस्तू जगाला दाखवायच्या आधी गावकऱ्यांना समजावून सांगा. अपलोड नंतरही करता येतं, ऑइल पेंट निघत नाही.