सिस्टर आत्याच्या पाच गाड्या

आमच्या आत्याच्या लक्षात माणसांची नावं राहत नसत, गाड्या राहत. लग्नात कुणी पाया पडलं की ती तोंडभर आशीर्वाद द्यायची आणि मग हळूच मला विचारायची, "हा म्हंजी डावा इंडिकेटर बंद असलेला पांढरा जीपवाला ना गं?" तो तोच असायचा. एकदा तर एका नव्या जावयाला तिनं भर मांडवात सांगितलं, "जावईबापू, तुमच्या गाडीचं मागचं चाक हलायलं. आधी नट आवळून या, मग जेवायला बसा." जावईबापू हात धुऊन बसलेले, ते खरोखर उठले. तीन नट ढिले निघाले.

सरकारी दवाखान्यात ती नर्स होती. त्यामुळे उस्मानपुऱ्यातली आमची सगळी गल्ली तिला सिस्टर म्हणायची आणि आम्ही पोरं सिस्टर आत्या. तिच्या आयुष्यात पाच गाड्या आल्या. एकीचंही कंपनीचं नाव तिनं कधी उच्चारलं नाही. "कंपनीनं बनवली असंल. नांदायला माझ्या घरी आली ना? मग नाव मी ठेवणार." बदामी, टमाटी, पेटी, चांदी आणि निळी. ही नावं नुसती ओळीनं घेतली तरी कुणीतरी खालून "चला रे, बसा लवकर!" असं ओरडतंय असं मला वाटतं आणि चपला शोधाव्याशा वाटतात.

बदामी आली तेव्हा मी दुसरीत होते. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं वापरलेली ती गाडी. तिचं ड्रायव्हरकडचं दार उघडतच नसे. पांढऱ्याशुभ्र साडीतली आत्या डावीकडून आत शिरायची, गियरवरून पाय टाकायची आणि सरकत सरकत स्टेअरिंगमागे जाऊन बसायची. गाडी सुरू करायला धक्का लागे. सकाळी पावणेसातला ती हॉर्न वाजवायची तो लोकांनी बाजूला व्हावं म्हणून नव्हे, लोकांनी यावं म्हणून. दूधवाला, शेजारचे मास्तर, दात घासत असलेले दोघे-चौघे असे सगळे मिळून धक्का मारायचे. बदामी एकदा खोकायची, दोनदा खोकायची आणि धूर सोडत निघायची. आम्ही पोरं टाळ्या पिटायचो. रोज!

गाडी तिला शिकवली दवाखान्यातल्या अँब्युलन्सच्या अन्वरचाचांनी. ड्युटी सुटली की मागच्या मोकळ्या मैदानात शिकवणी चालायची. चाचा एकच गोष्ट सारखी सांगत, "सिस्टर, स्टेअरिंग को इत्ता दाबू नको. बच्चे का हात पकडे सरीका पकडो." आत्या म्हणायची, की इंजेक्शन द्यायला शिकले तेव्हाही मला हेच सांगितलं होतं.

आता कुणीही विचारेल, शिकवायला अन्वरचाचा कशाला? तिचा सख्खा मोठा भाऊ, म्हणजे माझे वडील, हाडाचे ड्रायव्हर होते. अण्णा एका सरकारी कार्यालयात साहेबांची गाडी चालवत. पण त्यांनी आत्याला शिकवलं नाही आणि तिच्या गाडीत ते कधी बसतही नसत. नवी गाडी दारात आली की ते यायचे, चारही टायरांवर लाथ मारून बघायचे, बॉनेट उघडून कान द्यायचे आणि "टॅपेट वाजायलंय, बघून घे" एवढं सांगून सायकलवर टांग टाकायचे. करमाडजवळच्या आमच्या गावी काही कार्य असलं की आम्ही सगळे आत्याच्या गाडीत, आणि अण्णा एकटे एसटीनं. आत्यानं विचारलं की म्हणायचे, "मला दुसऱ्याच्या पायातला क्लच ऐकवत नाय."

आत्या हसायची. पण गावी पोचलो की एसटी येईपर्यंत ती फाट्यावर उभी राहायची आणि मग अण्णांच्या बरोबरीनं गावापर्यंत चालत यायची. गाडी देवळापाशी मामांच्या ताब्यात. मामा म्हणजे आत्याचे यजमान, फार शांत माणूस. गाडीत बसले की डोळे मिटून घ्यायचे आणि घर आलं की उघडायचे.

बदामीनंतर छोटी लाल टमाटी आली. तिची चारही दारं उघडतात याचंच आम्हाला एवढं अप्रूप, की आम्ही एका दारानं चढायचो आणि दुसऱ्यानं उतरायचो. गल्लीतल्या एका काकूंनी नवीन गाडीला बांधायला लिंबू-मिरची आणली. आत्यानं ती घेतली, काकूंना चहा पाजला आणि संध्याकाळी त्या लिंबाचं सरबत केलं. "गाडीचं तेल-पाणी बघावं. नजर लागती ती न बघणाऱ्याची." टमाटीनंतर पेटी. चौकोनी, राखाडी, सरकत्या दाराची व्हॅन. खेड्यापाड्यांतल्या लसीकरणाच्या शिबिरांना ती स्वतःची पेटी घेऊन जायची. मागे लशींचे डबे, मधे चार नर्सबाया आणि सगळ्यांच्या वरताण आत्याचा आवाज, "धरून बसा गं, आता लई मजा येणार!" पुढे फक्त खड्डा असायचा.

चौथी चांदी. रुपेरी, लांबलचक आणि घरातली पहिली एसीवाली. ती आली आणि सहाच महिन्यांनी अण्णा निवृत्त झाले.

तो दिवस मला जसाच्या तसा आठवतो. निवृत्त होणाऱ्या साहेबाला शेवटच्या दिवशी कार्यालयाची गाडी घरापर्यंत सोडते. अण्णांनी असे कितीतरी साहेब हारांसकट घरी सोडले होते. त्यांच्या स्वतःच्या दिवशी मात्र शाल आणि नारळ मिळाला, चार भाषणं झाली, आणि गाडी बैठकीला गेली होती. कुणाचा दोष नव्हता. ड्रायव्हरला सोडायची पद्धतच नव्हती. आम्ही तिघं, आई, मी आणि अण्णा, फाटकाबाहेर रिक्षा बघत उभे राहिलो. अण्णा शाल घडी करून पिशवीत घालत होते.

तेवढ्यात चांदी येऊन थांबली. आत्या ड्युटीवरून थेट आली होती, युनिफॉर्ममध्येच. ती उतरली, गाडीला वळसा घालून डावीकडे आली आणि मागचं दार उघडून ताठ उभी राहिली.

"बसा साहेब."

"शकू, तमाशा करू नको. लोक बघायलेत."

"बघू द्या की. बघायसाठीच आणलीय."

फाटकावरचा शिपाई खरंच बघत होता. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांतूनही डोकी आली. अण्णांनी एकदा खिडक्यांकडे पाहिलं, एकदा बहिणीकडे. मग नारळ आईच्या हातात दिला आणि मान वाकवून आत बसले. आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर! आत्यानं दार लावलं. हलक्या हातानं, आवाज न करता, अगदी अण्णा साहेबांचं लावत तसं. शिपायानं सलाम ठोकला. आई रडतही होती आणि हसतही होती.

"कुठं घ्यायची, साहेब?"

अण्णांनी पिशवी पायाशी ठेवली. मग म्हणाले, "करमाडला घे. आपल्या गावाला."

जालना रोडला लागलो. अण्णा मागे ताठ बसलेले, हात गुडघ्यांवर. चिकलठाण्यापर्यंत त्यांनी दम धरला. मग मात्र राहवेना. "अगं, तिसरा टाक ना! इंजिन वरडायलंय, ऐकू येत नाय व्हय?" आत्या मोठ्यानं हसली. "साहेब मागं बसून एवढं बोलत नसतेत!" मग अण्णाही हसले. गावात त्यांनी काच खाली घेऊन दिसेल त्याला हाक मारली.

परत निघताना ते आत्याला म्हणाले, "सरक. दे इकडं." आणि चांदी त्यांनी चालवली. मी अण्णांना गाडी चालवताना पहिल्यांदाच बघत होते. साहेबांच्या गाडीत घरच्यांना कुठली जागा! ते पूर्ण रस्ता बोलत होते. या वळणावर काय झालं, त्या साहेबांना कुठे झोप लागायची, सारखं बोलतच होते. एकदा तर गाणं म्हणायला लागले. मग स्वतःच दचकून थांबले आणि म्हणाले, "गाडीत बोलायची सवय नाय ना. बोलायचं नसतं तिथं." आत्या म्हणाली, "ही आपली हाय, दादा. म्हण." अण्णांनी पुन्हा गाणं धरलं, बेसूर आणि मोठ्यानं. त्यानंतर अण्णा होते तोवर दर रविवारी चांदी त्यांच्याकडे असायची.

पाचवी निळी. आत्यानं ती नवी कोरी घेतली आणि निवृत्तीनंतरही रोज काढली. मागच्या वर्षी आम्ही दोघी जात असताना डावीकडून आलेला सायकलवाला तिला दिसलाच नाही. मी ओरडले, तिनं ब्रेक दाबला, तो वाचला. आत्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला आणि शांतपणे म्हणाली, "तू ये इकडं." तपासणीत काचबिंदू निघाला. दुसऱ्यांच्या डोळ्यांत आयुष्यभर थेंब घातलेल्या बाईला काय समजवायचं? आठवड्याच्या आत तिनं निळी विकायला काढली. मी म्हटलं, मला दे. "तुझ्याकडं गाडी हाय. जिच्याकडं नाय तिला जाऊ दे."

वेरूळच्या शाळेतल्या एका तरुण बाईंनी ती घेतली. नुकताच परवाना मिळालेला. आत्यानं वॉर्डातला पेशंट दुसऱ्या नर्सच्या हवाली करावा तशी निळी तिच्या हवाली केली. "सकाळी जरा कुरकुरती, मनावर घेऊ नको. उजवा आरसा हातानं सरळ कर. रिव्हर्स टाकताना घाई केलेली आवडत नाय तिला." फाटकातून निघताना गाडी तीनदा बंद पडली. तिन्ही वेळा आत्या ओरडली, "सोड सोड, हळू सोड!" चौथ्यांदा निळी निघाली आणि वळणावरून दिसेनाशी झाली. आत्या घरात गेली आणि त्या दिवशी जेवली नाही.

पंधरा दिवसांनी मी तिच्याकडे बसले असताना फोन वाजला. त्या शिक्षिकाच होत्या. आवाज इतका मोठा, की मलाही ऐकू येत होता. "सिस्टर, आज एकटीनं दौलताबादचा घाट चढले! एकटीनं! मागे ट्रक हॉर्न मारत होता, तरी बंद पडू दिली नाही!"

आत्या खुर्चीतून ताडकन उठली. फोन दोन्ही हातांनी घट्ट धरला. तिच्या पायाचा अंगठा जमिनीवर आपोआप दाबला जात होता, जणू तिथे ॲक्सिलरेटर होता.

"व्हय? अगं, मग सांग ना! वळणावर कितव्या गियरात होतीस?"