साडूभाऊंच्या चार फ्लॉप्या

माझ्या साडूंइतका भित्रा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि त्यांच्याइतकं मोठं धाडसही आमच्या नात्यागोत्यात दुसऱ्या कुणी केलं नाही. हे मी जबाबदारीने लिहितो. माझी आजवरची नोकरी पाटबंधारे खात्यात पावसाचे आकडे ठेवण्यात गेली. पर्जन्यमापकात जेवढं पाणी तेवढंच लिहायचं, आभाळ कितीही गडगडलं तरी पदरचा एक थेंब घालायचा नाही, ही सवय हाडात मुरली आहे. तेव्हा पुढच्या मजकुरात कुणाला फुगवटा दिसला, तर तो साडूभाऊंच्या स्वभावातला समजावा, माझ्या मोजणीतला नव्हे.

त्यांच्या भीतीला कुठलाच विषय वर्ज्य नव्हता. वीज कडाडू लागली की लोक टीव्हीची पिन काढतात. साडूभाऊ भिंतीवरचं घड्याळ उतरवून त्यातला सेल काढत, मग टॉर्चमधले दोन्ही सेल काढून एक कोनाड्यात आणि एक फडताळात ठेवत. "एका जागी दोन कावून ठेवायचे?" जोखीम एका जागी कशाला साठवायची, हा त्यांचा सवाल. तेवढ्यात लाइट जायचीच. मग माझी मेहुणी अंधारात चाचपडत ओरडायची, "आता मला पायाखाली इचू चावला म्हंजी?" त्या दिवसापासून विंचवाचीही भर पडली. कपिलधारला आम्ही सगळे धबधब्याखाली न्हायचो, तेव्हा हे सगळ्यांचे कपडे सांभाळत लांब झाडाखाली उभे. आवाज येईल पण तुषार येणार नाही, असं अंतर त्यांनी धरलेलं असायचं. मी विचारलं, "पाहिला का धबधबा?" म्हणाले, "पाहिला. पडतोय." एसटीत बसण्याआधी ते ड्रायव्हरच्या खिडकीशी जाऊन अदबीने विचारत, "साहेब, रात्री झोप झाली का?" एकदा मांजरसुंब्याच्या घाटाच्या तोंडाशी एका ड्रायव्हरने मागे वळून सांगितलं, "माझी झालीय. आता तुमी झोपा बरं." मागे वळून बोलला, म्हणून घाट संपेपर्यंत साडूभाऊंनी डोळे उघडले नाहीत.

हा माणूस फक्त एका ठिकाणी भीत नसे. ते एका सरकारी कचेरीत आरेखक होते, म्हणजे गावांचे आणि ओढ्यानाल्यांचे नकाशे काढणारे. तिरक्या टेबलावर ट्रेसिंगचं कापड पसरलं आणि शाईची लेखणी हातात आली की त्यांचा हात असा चाले की पाहत राहावं. लिंबागणेशच्या वरच्या अंगाला उगम पावणाऱ्या ओहळाची रेघ ते एका दमात खाली आणत. तेव्हा वीज पडली असती तरी रेघ हलली नसती, असं मला वाटतं. हे मात्र मोजलेलं नाही, नुसता अंदाज आहे.

मग ते दिवस आले. पेपरात रोज उदारीकरण, संगणकीकरण असे नवे शब्द येत होते, आणि प्रत्येक शब्दाने कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवर एकेक माणूस गप्प होत होता. दुकानांत परदेशी माल आला, गच्च्यांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या, आणि एके दिवशी साडूभाऊंच्या साहेबांनी सांगितलं की यापुढे नकाशे यंत्रावर निघणार. ज्याला यंत्र येईल तो इथं राहील. बाकीच्यांचं समायोजन, म्हणजे बदली, विभागात जिथं जागा असेल तिथं. बाकीचे आरेखक साहेबांना शिव्या देऊन पुन्हा शाई भरू लागले. साडूभाऊ संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "साडूभाऊ, मला बीड सोडायला लावत्याल." मी वरवर हसलो, पण माझ्याही मनात आलं: पावसाची बेरीज करायला यंत्राला कितीसा वेळ लागणार?

त्याच उन्हाळ्यात बीडातल्या एका महाविद्यालयाच्या मागच्या इमारतीत नवं केंद्र निघालं. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी, तीही कुठल्याच एका विषयाची नाही. थोडा संगणक, थोडा भूगोल, थोडं चित्र आणि थोडं गणित असं सगळं एका ताटात. कला, वाणिज्य, विज्ञान, कुठलाही पदवीधर चालेल असं फळ्यावर लिहिलं होतं. साडूभाऊंनी तो फळा लांबूनच, धबधब्यासारखा, पुष्कळ दिवस पाहिला. मग बीड सोडण्याची भीती यंत्राच्या भीतीहून मोठी ठरली आणि चाळिशी ओलांडलेल्या या गृहस्थाने नाव घातलं. घरी मेहुणी म्हणाली, "ह्या वयात एम्मे कसलं करता? पोरं हसत्याल." ते म्हणाले, "हसू दे. पाठवत तर न्हाईत ना कुटं."

त्या काळी संगणकाच्या खोलीत चपला बाहेर काढून जावं लागे, देवळात जावं तसं. साडूभाऊंना देवळातही चपला चोरीला जाण्याची भीती असे, म्हणून ते चपला पिशवीत घालून मांडीवर घेऊन बसत. पायाखाली गोणपाट असे आणि हातात खोडरबरवाली पेन्सिल. कळफलकाची बटणं ते त्या खोडरबराने दाबत. शिकवायला औरंगाबादहून आलेल्या मॅडम त्यांच्या निम्म्या वयाच्या. त्या म्हणाल्या, "काका, ह्यानं शॉक बसत नाही हो." साडूभाऊ उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बसत न्हाई हे बसल्याशिवाय कळंल कसं?" वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी स्वतःचं बोट बटणावर ठेवून दाखवलं आणि तसंच ठेवून पुढचा धडा शिकवला. हे मला साडूभाऊंनीच सांगितलं, आणि सांगताना आपलं बोट तसंच टेकवून दाखवलं.

पण त्यांना खरा धसका बसला तो यंत्राच्या एका प्रश्नाचा. काही पुसायचं किंवा बंद करायचं म्हटलं की यंत्र विचारायचं, तुमची खात्री आहे का? हो की नाही? ज्या माणसाने जन्मात कशाचीच खात्री धरली नाही त्याला असा तोंडावर प्रश्न! ते उठून बाहेर जात, माठातलं पाणी पीत, आभाळाकडे पाहत. "लग्नात सुदा असं कुनी इचारलं न्हवतं," ते मला म्हणाले. पहिलं वर्षभर त्यांच्या वतीने 'हो' मॅडमच दाबत होत्या.

तरी दुसऱ्या वर्षी त्यांनी जे केलं त्याला तोड नव्हती. बीड तालुक्यातले सगळे ओढे त्यांनी यंत्रात उतरवले आणि त्याला माझे पावसाचे आकडे जोडले. पडद्यावर गावाच्या नावावर बाण नेला की त्या गावचा ओढा निळा होई आणि बाजूला पावसाचे खांब उभे राहत. जे आकडे मी इतकी वर्षं कपाटात बंद करत आलो होतो, ते असे रांगेत उभे राहिलेले पाहून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. आता हे काम दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांपुढे मांडायचं आणि पदवी घ्यायची, एवढंच उरलं होतं. मॅडमनी बजावलं होतं की नवरात्रात यंत्रं पुसून साफ होणार, तेव्हा आपापलं काम फ्लॉपीवर न्या. धूळ आणि पाणी लागू देऊ नका, नाहीतर सगळं संपलं. तळहाताएवढी ती प्लॅस्टिकची चौकट, आत काळी चकती, वर सरकतं पत्र्याचं झाकण. दोन वर्षांचा अभ्यास आणि बीडात राहण्याची आशा त्या चौकटीत कशीबशी मावली.

एका जागी ठेवतील ते साडूभाऊ कसले? त्यांनी चार फ्लॉप्या केल्या. एक स्वतःच्या घरी. आग लागली तर म्हणून एक आमच्याकडे. गल्लीच जळाली तर म्हणून एक सासऱ्यांकडे आष्टीला. आणि बिंदुसरेला पूर येऊन हा काठ बुडाला तर म्हणून चौथी नदीपलीकडे, त्यांच्या कचेरीसमोर सीताफळांची गाडी लावणाऱ्या चाचांच्या घरी. एवढा पूर यायला किती पाऊस लागेल हे मी त्यांना आकड्यांनिशी सांगितलं. ते म्हणाले, "तुमचे आकडे झालेल्या पावसाचे हायेत साडूभाऊ. मला न झालेल्याची भीती हाय."

खंडेनवमीच्या सकाळी ते सहज म्हणून आपली फ्लॉपी पाहायला आमच्याकडे आले. देवघरापुढे पाटावर विळी, कात्री, माझं पाऊस मोजायचं काचेचं माप, आणि मधोमध झेंडूच्या दोन फुलांत ती फ्लॉपी. हळद, कुंकू, अक्षता, वर पळीभर पाणी. आमची ही मोठ्या कौतुकाने म्हणाली, "वरच्या प्लॅस्टिकला कशाला लावायचं? झाकण सरकवून आत लावलंय. विद्या आतच असती न्हवं?" साडूभाऊंनी पाटाकडे एकदा पाहिलं. वीज कडाडल्यावर ओरडणारा माणूस वीज अंगावर पडल्यावर ओरडत नाही. ते वळले आणि घरी गेले, मी मागोमाग. तिथे मेहुणी निरांजन ओवाळत होती. दोघी एकाच आईच्या लेकी, तिच्या पाटावरच्या फ्लॉपीच्या पोटातही चिमूटभर कुंकू होतं. मग आम्ही एसटीडी बूथवर धावलो. आष्टीला सासरे फोनवर ओरडून बोलत होते, ते मला काचेबाहेरही ऐकू आलं. "काळजी करू नका जावईबापू! गुरुजीकून पूजा केली. नारळ फोडला आन् त्याचंच पानी शिंपडलं, तुमच्या विद्येवर!"

केंद्राला दसऱ्याची सुट्टी, खोलीला कुलूप. कुठली जगली आणि कुठली मेली, पाहायलाही यंत्र नव्हतं. साडूभाऊ बूथच्या पायरीवर बसले. "गेलो मी आता बीडातून," एवढंच म्हणाले. उरली होती ती नदीपलीकडची चौथी. मी त्यांना स्कूटरवर बसवलं. एरवी ते स्कूटरवर बसत नसत. त्या दिवशी बसले, आणि सबंध पूल ओलांडेपर्यंत एकदाही 'हळू' म्हणाले नाहीत.

चाचा घरासमोर सीताफळं टोपलीत लावत होते. फ्लॉपीचं मीच विचारलं. चाचा आत गेले, त्यांच्या अम्माची लोखंडी पेटी उघडल्याचा आवाज आला, आणि ते एक रुमालाची घडी घेऊन आले. घडीत फ्लॉपी होती, दिली तशीच, एक डाग न लागलेली. "आमची बेगम म्हनत व्हती, इल्म की, विद्येची चीज हाय, जरा अत्तर लावू," चाचा म्हणाले. "मी म्हन्लं, नक्को. साहब लई घाबरतेत. ऱ्हाऊ दे तशीच." साडूभाऊंनी ती घडी दोन्ही हातांनी घेतली. चाचांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरे साहब, रडता काय? बसा, सीताफळ खावा. बी गिळू नका फक्त."

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी रजा काढून केंद्राबाहेर चपला सांभाळत उभा होतो. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं आणि ऐकूही येत होतं. फ्लॉपी आत गेली, यंत्र खरखरलं, बराच वेळ काहीच झालं नाही. मॅडमनी ओठ दाताखाली धरले होते. मग पडद्यावर तालुका उमटला. परीक्षकांनी गावांवर बाण फिरवला, ओढे निळे झाले. त्यांनी विचारलं, "यात तुमचा मूळ विषय कोणता? भूगोल, चित्रकला की संगणक?" साडूभाऊ म्हणाले, "साहेब, एकाच विषयावर भरवसा कसा ठेवायचा? म्हून तिन्ही धरले." परीक्षक हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, बंद करा." बंद करताना यंत्राने नेहमीचा प्रश्न विचारला, तुमची खात्री आहे का? मॅडमचा हात सवयीने पुढे आला. साडूभाऊंनी तो अलगद थांबवला, पेन्सिल खिशात ठेवली आणि बोटाने 'हो' दाबलं.

पदवी मिळाली. आणि दिवाळी सरताच हुकूम आला. बीडच्या कचेरीत यंत्र अजून आलंच नव्हतं. यंत्रं पुण्याला आली होती आणि तिथं ती चालवणारा माणूस हवा होता. विभागात असा माणूस एकच होता. जे शिकले नाहीत ते आजही इथंच, त्याच तिरक्या टेबलांवर शाई भरताहेत.

स्टँडवर चाचा सीताफळांची टोपली घेऊन आले होते. "कच्चीच दिलीत साहब. पिकलेली रस्त्यात फुटली तर तुमी घाबरसाल." मेहुणी बहिणीच्या गळ्यात पडून रडली. साडूभाऊ गाडीत चढले, खिडकीशी बसले, माझ्याकडे पाहून हात हलवला. ड्रायव्हर समोरून गेला. त्यांनी त्याला झोपेचं विचारलं नाही. गाडी सुटली तेव्हा मला पहिल्यांदा त्यांच्यासाठी भीती वाटली.

आता ते रविवारी फोन करतात. तिकडचं बरंच आहे म्हणतात आणि मग विचारतात, "आभाळ कसंय?" मी आकडा सांगतो. आकडा ऐकून ते त्या पावसाची रेघ कुठून कुठवर गेली असेल ते मनात काढत असावेत. परवा संध्याकाळी असंच बालाघाटाच्या बाजूने काळं भरून आलं आणि गडगडू लागलं. मी उठलो, टॉर्च शोधला आणि त्यातले सेल काढले. एक कोनाड्यात ठेवला, एक फडताळात. याचा काडीचा उपयोग नाही हे मला पुरतं ठाऊक आहे. आमची ही दारात येऊन पाहत उभी होती. म्हणाली, "हे काय आता?"

मी म्हणालो, "एका जागी दोन कावून ठेवायचे?"

ती हसली नाही. स्टुलावर चढून तिने भिंतीवरचं घड्याळ उतरवलं आणि माझ्या हातात दिलं.