आयामावशींची पेशंट

शिबिराला आल्या की आयामावशी आधी आमच्या हातातले कागद काढून घेत, मग पायातल्या चपला काढत. पाठ, तक्ते, वेळापत्रक, सगळं गोळा करून त्याची चळत सतरंजीवर ठेवत आणि तिच्यावर स्वतः बसत. "लेकरं कागदाकडं बघत न्हाईत, तुमच्या हाताकडं बघत्यात," असं त्यांचं म्हणणं. मी याद्यांशिवाय भाजीलाही न जाणारी बाई. माझी वही त्यांच्याखाली गेली की मला जेवण जात नसे.

सांगलीकडच्या एका मिशन दवाखान्यात त्यांनी आयुष्यभर आया म्हणून काम केलं होतं. त्या निवृत्त झाल्यावर आमच्या चर्चच्या पाळकांनी त्यांना मेढ्याच्या उन्हाळी बायबल वर्गासाठी बोलावलं. मुलांना शिकवायला नाही, आम्हा शिक्षकांना. नियम एकच: जी गोष्ट मुलांना सांगायची ती आधी स्वतःच्या हातांनी करायची. येशूने सांगितलेल्या बी पेरणाऱ्याच्या दाखल्यासाठी मी चार रंगांत तक्ता केला होता. मावशींनी तो न बघताच माझ्या हातात मूठभर ज्वारी दिली आणि रस्ता, खडक, काटे आणि चांगली जमीन शोधायला पाठवलं. पहिल्या तीन जागा मेढ्यात पाच मिनिटांत सापडल्या. चांगल्या जमिनीला मालक होता आणि मालकाकडे कुत्रं होतं. तो पाठ मी आजही तक्त्याशिवाय घेते.

एकदा येशू शिष्यांचे पाय धुतो तो प्रसंग होता. दानू नावाचा आमचा तरुण शिक्षक बोटांच्या टोकांनी एका मुलाच्या पायावर पाणी शिंपडत होता. पोरगं जावळीच्या डोंगरावरून अनवाणी आलेलं. मावशींनी ते पाहिलं.

"दानू, पाय धुतूयास का पायाला पाणी दाखवतूयास?"

"धुतोय की मावशी."

"टाच उचल त्याची. तिथं आख्खी जावळी हाय."

दवाखाना त्यांच्या बोलण्यातून कधी गेला नाही. माझी प्रार्थना लांबली की म्हणायच्या, "डोस जास्त झाला." एक शिक्षिका गोष्ट संपवून पुन्हा तात्पर्य, मग तात्पर्याचं तात्पर्य सांगायला लागली तेव्हा मागून आवाज आला, "बाई, टोचली न्हवं? मग सुई काढा आता भाईर."

हे सगळं मी हसत सांगते आहे, पण ज्या वर्षाबद्दल सांगायचं आहे त्या वर्षी हसायला जागा नव्हती. माझ्या हाताखालच्या दहा शिक्षकांपैकी सहा जण वर्गाच्या तोंडावर सोडून गेले. कुणाची परीक्षा, कुणाची सासू आजारी. उरलेले चौघेही गेले तर यंदापासून वर्ग बंद, असं पाळकांनी मला स्पष्ट सांगितलं. हा वर्ग मी उभा केला होता. तो का मोडतो आहे ते मला कळेना, कारण माझ्या यादीत एकही काम राहिलेलं नसे.

मावशींना अक्षरओळख जेमतेम. त्या वर्षी तयारीला आल्यावर, माझ्या वहीवर बसण्याआधी त्यांनी ती उघडली आणि 'जबाबदारी' या रकान्यावरून बोट खाली नेलं.

"आगं रेखा, ह्ये समद्या ओळीत एकच अक्षर दिसतंय. काय हाय?"

"माझं नाव, मावशी."

"आन् ह्ये चौघं?"

"ते मदतीला. पण त्यांनी कापलेले कागद वाकडे असतात. मला घरी नेऊन परत कापावे लागतात."

चौघे तिथेच उभे होते. सुमनने मान खाली घातली. दानू खिडकीबाहेर बघू लागला. मावशींनी त्या दिवसाची गोष्ट बदलली एवढंच. पक्षघाती माणसाला त्याच्या चार मित्रांनी छप्पर उघडून येशूपुढे सोडलं, ती गोष्ट घ्यायची ठरली. पाळकांच्या घराला लाकडी माळा होता आणि भाताची पोती उतरवायला त्याला मधोमध चौकोनी भोक होतं.

"मी खालून सूचना देते," मी म्हणाले.

"तू पेशंट," मावशी म्हणाल्या.

माझं वजन अडुसष्ट किलो आहे. माळ्यावर चौघांनी जाड सतरंजीच्या चार कोपऱ्यांना चार दोर बांधले, प्रत्येक दोराचा तुळईला एक वेढा दिला आणि मला मध्ये निजवलं. खाली गाद्या दोन होत्या. मी तीन सांगितल्या होत्या.

"सुमन, तुझी गाठ एकदा..."

"पेशंटला लकवा हाय," खालून मावशी म्हणाल्या. "तोंडालाबी."

निम्म्यावर आल्यावर पायाकडचा एक कोपरा खाली गेला. मी तिरकी झाले आणि एकदम चौघांनाही हुकूम सोडायला लागले. दानू सोड, सुमन धर, नाही, दानू धर. दोर थांबले. मी हवेत लटकत राहिले.

"तिचं ऐकू नगासा," मावशी शांतपणे म्हणाल्या. "एकमेकांचं ऐका."

वरून सुमनचा आवाज आला, "दानू, तू थांब रं. आम्ही तिघं वीतभर सोडतो." "हं, सोडा." "आता समद्यांनी." मी वर पाहिलं. त्या चौकोनात चार तोंडं होती, घामेजलेली, आणि सगळी डोळे ताणून माझ्याकडेच बघत होती. कागद वाकडे कापणारी ही माणसं माझं बोटही भिंतीला घासू देत नव्हती.

गादीला पाठ टेकली. चौघे शिडीवरून धडधडत खाली आले आणि माझ्यासमोर रांगेत उभे राहिले. काय काय चुकलं ते मी सांगणार, या सवयीने. माझ्याकडे चार मुद्दे तयार होते. मावशी माझ्याकडे बघत होत्या. मी ते गिळले.

"उद्या पोरांपुढं कोण उतरणार?" दानूने विचारलं.

"मीच," मी म्हणाले. "पण गाठी, गाद्या, सगळं तुम्ही बघा. मला सांगूसुद्धा नका."

दुसऱ्या दिवशी मी उतरले, पोरांनी टाळ्या वाजवल्या, आणि वर्ग चालू राहिला. चौघांपैकी कुणी गेलं नाही. कागद अजून वाकडे असतात.

पुढच्या मे महिन्यात मावशी पलूसला भाचीकडे अंथरुणाला खिळल्याचं कळलं. मी साताऱ्याहून सकाळची गाडी पकडून गेले. आवाज अगदी बारीक झाला होता. त्यानंतर त्या फार दिवस राहिल्या नाहीत. पण त्या दिवशी मला बघून त्यांनी तब्येतीचं काही सांगितलं नाही.

"आज वर्ग असंल की गं. कोण घेतंय?"

"ते चौघं."

"तुला घोर न्हाई वाटत?"

"वाटतो ना, मावशी."

"फोन किती येळा केलास?"

मी खरं ते सांगितलं. दोनदा.

मावशींनी डोळे मिटले आणि त्या हसल्या. "लय सुधारलीस," म्हणाल्या.